सरकी फाट्याची पाटी

१

“वकीलबाई, बसथांबा चोरीले गेला!”

खुर्शीदबी दारातूनच ओरडली. मी नुकती चहाची बशी तोंडाला लावली होती, ती साडीवर सांडली. कोर्टाला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी माझं डोकं लवकर तापतं हे अख्ख्या अकोटला माहीत आहे.

“थांबा कसा चोरीले जाईन? सायकल जाते, बकरी जाते. बसा आधी.”

“बसत नाई. तुमीच उठा. सरकी फाट्यावर लोखंडी पाटी होती ना, ते तठी नाई. नाल्याच्या पल्याड उभी हाय, वाहेदच्या वावरासमोर. आता सांगा, पाटीले पाय फुटले काय?”

मी बशी खाली ठेवली, कारण सोमवारी मोजणी होती.

शेतकरी आत्महत्यांवर सरकारनं पॅकेज दिलं, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. तेव्हा मुंबई-दिल्लीहून कॅमेरेवाल्यांच्या गाड्या यायच्या आणि उतरल्याबरोबर विचारायच्या, रडणारं घर कुठं आहे. वऱ्हाडात माणसं हसतात, भांडतात, लग्नं लावतात, हे त्यांना नको असायचं. मला भारी राग यायचा त्यांचा. कापसाची दशा वाईट होती, जिनिंगा बंद पडल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण त्याच जिनिंगांतून घरी बसलेल्या बायामाणसांनी त्याच वर्षी ‘आंगण गृहनिर्माण संस्था’ काढली, आणि खुर्शीदबीला अध्यक्ष केलं.

नवरा गेल्यापासून खुर्शीदबी गाद्या-रजया भरते. रुई पिंजली की उडते. शेजाऱ्याच्या वरणात पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि मग घरमालक येऊन सांगतो, बाई, घर खाली करा. अकोटमधली एक गल्ली नसेल जिथं तिनं बिऱ्हाड मांडलं आणि उचललं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं आंगण, जिथं रुई उडाली तर कोणाच्या बापाचं काही जाणार नाही.

आणि ते आंगण मिळण्याची सोय मुंबईत बसून सरकारनं केली होती. नवा कायदा आला होता. एसटीच्या थांब्याच्या पाटीपासून पाव किलोमीटरच्या आत छोटी घरं बांधायची असतील, तर शेतजमिनीची एनए करून घ्यायला वर्षानुवर्षं चकरा मारायच्या नाहीत. एक खिडकी, एक अर्ज, महिनाभरात परवानगी. लोक त्याला ‘थांबा कायदा’ म्हणायचे. बस जवळ असेल तर माणूस शहरात गर्दी न करता गावाकडे राहील, असा त्यामागचा विचार. चांगला विचार होता, मी स्वतः चार वेळा वाचून पाहिला होता.

हिवरखेड रस्त्यावरच्या सरकी फाट्याजवळ संस्थेनं जमीन पाहिली होती. ती पाटीपासून पाव किलोमीटरच्या आत बसत होती, पण अगदी काठावर. सोमवारी सरकारी मोजणीदार हेच अंतर मोजणार होता. मालकानं दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. आता पाटीच नाल्यापलीकडे गेली म्हणजे आंगण नकाशाबाहेर. हरकत घेतली असती तर प्रकरण दिवाळीच काय, पुढची होळी ओलांडून गेलं असतं.

मी एसटीच्या साहेबांना फोन लावला. ते बिचारे घाबरले. “मॅडम, आमी पाटी हलवली नाही. कोनं हलवली ते समजल्याबिगर मी तिले हात लावला, तर उद्या सगळे म्हनतील साहेबानंच खेळ केला. तुमी मानूस दाखवा, मी पाटी जागेवर लावून देतो.”

म्हणजे चोर शोधायला माझ्या हातात आज आणि उद्या, एवढाच वेळ होता.

“चोर शोधायचा कावून?” खुर्शीदबी माझ्या स्कूटीवर मागे बसत म्हणाली. “चोर मले मालूम हाय.”

२

पाटी नाल्यापलीकडे ऐटीत उभी होती. वर ‘सरकी फाटा’ असं लिहिलेलं, खाली लोखंडी खांब, खांबाच्या बुडाशी ताज्या मातीचा ढीग. दोन बाजूंना दोन बांबू रोवून खांबाला टेकू दिला होता आणि ते वाळल्या गवताच्या पातींनी खांबाला बांधले होते. मी सहज हात लावला, तर पाटी डुलायला लागली.

“पाहा!” खुर्शीदबी म्हणाली. “चोरीचं काम असंच असते. वाहेदले काम करायची अक्कल नाई, चोरी करायची कुठून येईन?”

वाहेदसेठ म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. कापसाचा व्यापारी. एका लग्नात बिर्याणीचा डेग आधी कोणाच्या पंगतीत जावा यावरून दोघांचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. आणि जिथं पाटी उभी राहिली, तिथलं रस्त्याकडेचं वावर वाहेदसेठचं. त्यालाही प्लॉट पाडायचे होते, हे सगळ्यांना माहीत. पाटी हलण्याआधी त्याची जमीन कायद्याबाहेर होती, आता आत आली होती. एवढा सरळ आरोपी मला वकिलीत कधी मिळाला नव्हता.

“त्याच्यासमोर मी बोलीन, तुमी गप बसा,” मी खुर्शीदबीला बजावलं.

“मी कायले बोलू त्याच्याशी? मरेपर्यंत बोलनार नाई. चोट्टा कुठला.”

“चोट्टा कोनाले म्हनून राहिल्या, भाभीजान?”

मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या पायजम्यात, हातात छत्री घेतलेला वाहेदसेठ उभा होता, आणि त्याचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त तापलेला होता.

३

“वकीलसाहिबा, तुमी शिकलेल्या बाई,” वाहेदसेठ म्हणाला. “मले एक सांगा. चोरीचा माल कोनी आपल्याच दारात टांगते काय?”

“फायदा तुमचा आहे,” मी म्हटलं.

“खाक फायदा! इथं दुसरा थांबा द्या म्हनून मी उन्हाळ्यातच अर्ज केला. साहेब येऊन जागा पाहून गेले, हो म्हनाले. माझं काम सीधं चाललं होतं. आता हे भूत माझ्या वावरासमोर उभं केलं कोनीतरी. लोक म्हनतील वाहेदनं केलं, आन माझा खरा थांबाही अटकन. सकाळपासून तीन जन बधाई देऊन गेले, मले रडू येऊन राहिलं.”

खुर्शीदबी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. “त्याले म्हना, गाडनारा कोन पाहिला काय,” ती मला म्हणाली.

“त्यांना म्हना, पाहिला असता तर याच छत्रीनं हाणला असता,” तो मला म्हणाला.

मी दोघांच्या मधात उभी. मला हसू येत होतं, पण वकिलाला हसून चालत नाही. वाहेदसेठचं बोलणं मला पटलं होतं. आणि मी त्याच्या पायांकडेही पाहून घेतलं. साखरेचा आजार असल्यानं तो घरातसुद्धा कापडी बूट घालून फिरतो. पाटीच्या बुडाच्या ओल्या मातीत बुटाचा ठसा नव्हता. चपलांचे होते, दोन जोड्यांचे, एक मोठी आणि एक लहान.

आम्ही नाला ओलांडून जुन्या फाट्यावर आलो. तिथं एका बाजूला देवमनचं चहाचं हॉटेल, म्हणजे चार बल्ल्या आणि एक टिनाचा पत्रा. दुसऱ्या बाजूला खुशालरावचा पानमळा. मळ्याच्या काटेरी कुंपणाला अगदी खेटून पाटी असायची.

देवमनच्या बाकावर नेहमीसारखी माणसं बसली होती. तेवढ्यात हिवरखेडची बस आली आणि नेहमीसारखी त्याच्या हॉटेलसमोर थांबली. ड्रायव्हरनं पाटी नसल्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मला कायदा करणाऱ्याची कीव आली. त्याला वाटलं असणार, पाटी जिथं तिथं थांबा. आमच्याकडं माणसं उभी जिथं, तिथं थांबा, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

“देवमन, पाटी गेली तरी तुले काही वाटलं नाही?”

“बाई, पाटी कधी चहा पेते काय माह्याकडं?” तो गिलास विसळत म्हणाला. “बाजाराच्या दिवसापर्यंत होती. त्या दिवशी मी अकोटले गेलो, हॉटेल बंद. दुसऱ्या दिवशी पाहतो तं नाई. म्हनलं, सरकारनं नेली असन रंगवायले.”

“बाजाराच्या दिवशी इथं कोणीच नव्हतं?”

“सगळे बाजारात. भर दुपारी मी परत येत होतो तं खुशालरावची बैलबंडी दिसली नाल्याकडं जातानी. कडबा भरला होता. नाल्यातला गाळ आनत असतीन मळ्यासाठी. संध्याकाळी रिकामी बंडी घेऊन आले दोघं नवरा-बायको.”

त्यानं हे अगदी सहज सांगितलं आणि मीही अगदी सहज ऐकलं. तापट डोक्याचा हा तोटा असतो, समोर आलेलं निसटून जातं. मी कुंपणाजवळ गेले. पाटीचा खड्डा कोणीतरी भरून, वरून तुडवून, छान सपाट केला होता. मला ते खटकलं. चोर खड्डे बुजवत बसत नाही. आणि उकरलं होतं ते रस्त्याच्या बाजूनं नाही, कुंपणाच्या आतून. मी काट्यांतून डोकावून पाहिलं. आत मळ्याच्या चिखलात खांब काढणाऱ्यांचे पाय उमटले होते. टाच रोवून, जोर लावून.

नाल्यापलीकडं पाटीशी ठसे चपलांचे होते. इथं मळ्यात सगळे पाय अनवाणी होते.

४

पानमळ्यात चपला घालून जात नाहीत. आमच्याकडचे पानमळे लावणारे बारी लोक नागवेलीला देव मानतात. मळ्याच्या दाराशी पायताण काढायचं, मग आत पाऊल. कलेक्टर आला तरी त्याला मोजे काढावे लागतात. पण चोराला कोणी हे सांगितलं? पाटी चोरायला आलेला माणूस काट्याकुट्यांत चपला काढून, देवाला हात जोडून चोरी करतो?

“खुशालराव रोज मळ्यात असते,” खुर्शीदबी म्हणाली. “त्याचेच पाय असतीन. चला, त्याले विचारू. त्यानं वाहेदले पाह्यलं असन.”

मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं. खुशालरावला पाटी हलवायचं कारणच नव्हतं. उलट पाटी गेली म्हणजे सगळ्यांत मोठा तोटा त्याचाच. मळा अगदी पाटीला लागून, म्हणजे कायद्याच्या ऐन मधोमध. रातोरात सोन्याची झालेली जमीन पाटीबरोबर पुन्हा माती झाली होती.

आम्ही दाराशी चपला काढल्या आणि आत गेलो. बाहेर ऊन चटके देत होतं, आणि आत गार, हिरवा अंधार. वेली झाडांना बिलगून वर चढलेल्या, पायाखाली ओली माती, सगळीकडे पानांचा तिखट वास. मला तिथं एकदम बरं वाटलं. वाटलं, सगळे खटले इथं चालवावेत.

खुशालराव बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यानं आमच्यासाठी बाज टाकली. सुंदराबाई, त्याची बायको, वेली बांधत होती. तिनं हात न थांबवता हसून विचारलं, “चहा घेता का पान?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“खुशालराव, तुमचंच नुकसान झालं की हो,” मी पान लावता लावता म्हटलं. “मळा कायद्यात आला होता. भगवंतला कळलं का?”

भगवंत त्यांचा एकुलता एक. अमरावतीत मोटरसायकलच्या दुकानात नोकरी. चांगला मुलगा, दर सणाला येतो.

“कळलं असन,” खुशालराव म्हणाला. “मागच्या महिन्यात आला होता थो. कायद्याचा कागद घेऊनच आला होता.”

“मग? काय म्हणाला?”

खुशालरावनं सुपारी तोंडात टाकली आणि चावत बसला. उत्तर द्यायचं नसलं की सुपारी फार बरी पडते.

सुंदराबाई ओल्या लव्हाळ्याची पात घेऊन वेल झाडाला बांधत होती. झरझर हात चालत होते. वेलीभोवती पात फिरवायची, झाडाभोवती फिरवायची, आणि गाठ मारायची, पण घट्ट नाही. मधात बोट शिरेल एवढी जागा ठेवून.

“सुंदराबाई, गाठ एवढी सैल कावून मारता?”

“येल वाढते ना माय,” ती म्हणाली. “आवळून बांधला तं गळा दाबल्यावानी होते. जागा ठेवा लागते त्याले.”

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. नाल्यापलीकडची ती डुलणारी पाटी मला दिसली. दोन बांबू, वाळल्या गवताच्या पाती, आणि हात लावला की हलणारा लोखंडी खांब.

“आणि सुंदराबाई,” मी हळूच म्हटलं, “लोखंडाचा खांब किती वाढतो?”

तिचे हात थांबले.

५

खुर्शीदबी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं पाहत राहिली.

“देवमननं खांब बांधला असता तर सुतळीनं,” मी म्हटलं. “वाहेदसेठनं बांधला असता तर कापसाच्या गठाणीच्या तारेनं, त्याच्या गोदामात ती पडलेलीच असते. आणि दोघांनीही करकचून आवळला असता, कारण खांबाला आवळायचंच असतं. लव्हाळं भिजवून हाताशी ठेवतो तो पानमळ्याचा माणूस. आणि जन्मभर वेली बांधल्यावर लोखंडालासुद्धा वाढायला जागा ठेवून बांधतो, तो तर फक्त पानमळ्याचाच माणूस.”

खुशालराव खाली पाहत होता.

“गाळ आणायला जाणारी बंडी रिकामी जाते आणि भरून येते. तुमची भरून गेली आणि रिकामी आली. कडब्याखाली पाटी होती. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, तुमच्यावर कोण संशय घेणार? आणि पाटी काढायला मळ्यातून गेलात तेव्हा दोघांनी चपला काढल्या. बाहेर आल्यावर पुन्हा घातल्या. असे चोर मी आजवर पाहिले नाहीत, बाप्पा.”

“चोरी नाई केली,” सुंदराबाई एकदम म्हणाली. “पाटी हाय ना तठी. आमी फकत दूर नेली.”

खुर्शीदबी बाजेवरून उठली. “खुशालभाऊ? तुमी? माह्या आंगनावर तुमी पानी फिरवलं? वाहेदनं केलं असतं तं मी समजली असती. तुमी कावून?”

“तुह्या जमिनीचं मले मालूमच नव्हतं, माय,” खुशालराव कसनुसा म्हणाला. “देवाशप्पथ. मले वाटलं पाटी म्हंजे फकत मह्या मळ्याची पीडा. तुमची संस्था तठी जागा घेऊन राहिली, हे आजच ऐकून राहिलो.”

“पीडा?” मी म्हटलं. “अहो, लोक देव पाण्यात ठेवून बसलेत कायद्यात यायला!”

मग त्यानं सांगितलं. भगवंत कागद घेऊन आला होता. म्हणाला, बाबा, मळ्याचे प्लॉट पाडू, अमरावतीत मोठं घर घेऊ, तुम्ही दोघं आता राबू नका. रोज पेपरात वाचतो, कोणत्या गावात काय झालं, मला झोप लागत नाही, उद्या तुमचं काही झालं तर.

“खुशालराव, मळा तुमच्या नावावर आहे,” मी चिडून म्हटलं. “कायदा घरं बांधायची परवानगी देतो, कोणाचा मळा हिसकावत नाही. तुमच्या सहीशिवाय कोणी एक वेल तोडू शकत नाही. तुम्हाला वकीलबाई माहीत नव्हती? एक शब्द विचारायला काय झालं होतं?”

“सहीचं मले मालूम हाय, बाई.” त्यानं पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरले होते. “पन भगवंत सही मागत नाई. थो रडते. माह्यासमोर बसून लहानपनासारखा रडते, बाबा तुमची चिंता वाटते म्हनून. आन थो रडला की मी सही करतो. शाळेपासून असंच हाय. मी त्याले कधी नाई म्हनूच शकलो नाई. मले त्याची भीती नाई वाटत, बाई. मले मही भीती वाटते. म्हनलं, पाटीच नाई राहिली तं त्याले सही मांगायची गरजच नाई पडनार.”

सुंदराबाई पदराआड रडत होती. माझा राग कुठं गेला कोण जाणे. फायदा कोणाचा, फायदा कोणाचा, असं घोकत मी दिवसभर फिरले, आणि फायदा नको असलेला माणूस डोळ्यांसमोर असून मला दिसला नाही. मी खुर्शीदबीकडं पाहिलं. तिचं नुकसान झालेलं, फिर्याद तिची. ती म्हणाली असती तर मी खुशालरावला तसंच साहेबांपुढं उभं केलं असतं.

खुर्शीदबीनं कमरेवर हात ठेवले.

“खुशालभाऊ, उद्या सकाळी बंडी जुपा,” ती म्हणाली. “आन लव्हाळं नका आनू. सिमिट मी आनते.”

६

रविवारी पाटी परत आली. साहेब स्वतः हजर होते. सगळी हकीकत ऐकून ते आधी गंभीर झाले, मग लव्हाळ्याच्या गाठीवर आले तेव्हा इतके हसले की देवमनला पाण्याचा गिलास द्यावा लागला. खुशालरावनं हात जोडले, साहेबांनी त्याला बाजेवर बसवलं आणि म्हणाले की खांब गंजून वाकलाच होता, बरं झालं नवा पाया मिळाला.

वाहेदसेठही आला होता. खुर्शीदबी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नाही, म्हणून ती रागानंच म्हणाली, “चूक झाली मही. काय पायजे?”

“रजई,” तो म्हणाला. “डबल. आन पुढच्या लग्नात पहिला डेग आमच्या पंगतीत.”

“रजई भेटन. डेगाचं पाहू.”

एवढ्यावर कित्येक वर्षांचा अबोला सुटला. मी कोर्टात दोघांची तडजोड करायला गेले असते तर माझे केस पांढरे झाले असते.

सोमवारी मोजणी झाली. मोजणीदारानं पाटीपासून साखळी टाकली, आणि संस्थेची जागा आत बसली. अगदी काठावर, मळ्याच्या पलीकडच्या धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून, पण बसली. सगळ्या बायांनी एकच कल्ला केला. कोणीतरी पेढे आणले, मोजणीदाराला एवढे पेढे खायला लागले की त्याला साखळी गुंडाळता येईना. कुठं चूल येईल, कुठं मोरी, यावरून तिथंच भांडणं सुरू झाली. त्या दिवशी एखादी कॅमेऱ्याची गाडी यायला पाहिजे होती, खरंच सांगते.

गाडी आली नाही, भगवंत आला. अमरावतीहून पहाटेच्या बसनं निघून, फाट्यावर उतरून, थेट मळ्याबाहेरच्या बाजेवर. मळा मोजणीत आला हे त्याला रस्त्यातच कळलं होतं. पोरगा खरंच चांगला. येताना आईसाठी गुडघ्याचं तेल आणलं होतं, बापासाठी स्वेटर. खुशालरावसमोर बसला, त्याचा हात हातात घेतला, आणि मी लांबून पाहिलं, त्याचे डोळे भरून यायला लागले होते.

“बाबा, आता तरी ऐका माह्यं,” तो म्हणाला. “मले रात्रीची झोप नाई येत…”

खुशालरावच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, संपलं. आता हो म्हणणार.

तेवढ्यात खुर्शीदबी बायांच्या घोळक्यातून निघाली. कोणी बोलावलं नव्हतं. तरातरा चालत आली आणि बापलेकांच्या शेजारी, बाजेच्या काठावर बसली. पायावर पाय टाकून पेढा खात बसली.

खुशालरावनं तिच्याकडं पाहिलं. मग मळ्याकडं पाहिलं. मग भगवंतच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि ते जमलं मात्र फार मुश्किलीनं.

“नाई, भगवंता,” तो म्हणाला. “मळा विकायचा नाई.”

भगवंतला कळेचना. त्यानं हा शब्द बापाच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. “बाबा, पन तुमचं वय… तुमी दोघं एकटे इथं…”

“एकटे कावून?” खुर्शीदबी म्हणाली. “मले दिसत नाईत काय मी?”

भगवंत तिच्याकडं वळला. राग आवरत, पण अदबीनं त्यानं बापाला विचारलं, “बाबा, या कोन?”

खुशालरावनं धुऱ्याकडं पाहिलं. पाया अजून खणायचा होता. परवानगी यायला महिना होता. धुऱ्यापलीकडं नुसती काळी माती आणि मोजणीच्या चार खुंट्या होत्या.

“हे?” तो म्हणाला. “हे आपली शेजारीन हाय.”

आयुष्यभर घर खाली करा ऐकलेल्या त्या तोंडाळ बाईला मी पहिल्यांदा गप झालेलं पाहिलं. तिनं पेढ्याचा हात पदराला पुसला, मग त्याच पदरानं डोळे पुसले, आणि उरलेला अर्धा पेढा भगवंतच्या हातावर ठेवला.